बूच कुठे काढायचे

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा हे आठवायला डायरी काढावी लागते. या एका प्रकरणासाठी मात्र डायरीची गरज पडत नाही.

तुम्ही दोघे नातवंडे तिकडे परदेशात गाडी शिकता आहात. परवा फोनवर धाकटीने तक्रार केली की तिचे शिक्षक प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारतात आणि उत्तर आले नाही तर गाडी सुरू करू देत नाहीत. म्हणून ही हकीकत लिहायला घेतली. नावे कोणाचीच देत नाही, कारण यातली बहुतेक माणसे अजून त्याच रस्त्याने ये-जा करतात.

मी तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याची प्रमुख होते, सहायक पोलीस निरीक्षक या हुद्द्यावर. फाल्गुनातले कोरडे दिवस होते. सोमवारी सकाळी आठ वाजता एका रिक्षावाल्याने ठाण्यात फोन केला. मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चढणीच्या वळणाला स्कूटर पडली होती. चालवणारा नवरा खरचटून उठला होता. मागे बसलेल्या बायकोचे डोके कडेच्या चिऱ्याच्या भिंतीवर आपटले होते. ग्रामीण रुग्णालयात पोहोचण्याआधीच ती गेली. वय बत्तीस. तिने हेल्मेट घातले नव्हते. माहेरी जायचे म्हणून केसांत अबोलीची वेणी माळली होती आणि वेणी चुरडेल म्हणून हेल्मेट घरीच ठेवले होते.

हवालदार दोन पंच घेऊन जागेवर पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. त्यांनी लिहिले, ‘रस्ता कोरडा, डांबरी, खड्डे नाहीत. समोरून वाहन आल्याच्या खुणा नाहीत. चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात.’ त्या पंचनाम्यावर मी सही केली. तसे वाक्य मी यापूर्वी कितीतरी वेळा वाचले होते.

त्याच दिवशी दुपारी मृत बाईचे वडील मसुऱ्याहून आले. निवृत्त पोस्टमास्तर. पांढरा सदरा, हातात छत्री, आवाज अगदी खालचा. त्यांनी फिर्याद दिली की जावयाने निष्काळजीपणाने गाडी चालवून आपल्या मुलीचा जीव घेतला.

“त्यांचं आपसात काही वाकडं होतं का?” मी विचारले.

“नव्हतं,” ते म्हणाले. “पण चांगला रस्ता, सकाळची वेळ, समोर कोण नाही. तरी गाडी पडते कशी? फोनवर बोलत असणार नाहीतर वेगात असणार. दुसरं काय?”

माझ्याकडे दुसरे काही नव्हते. गुन्हा दाखल झाला, आरोपी म्हणून नवऱ्याचे नाव लागले. त्या जोडप्याची आठ वर्षांची मुलगी त्या सकाळी शेजाऱ्यांकडे राहिली होती. आजोबा त्याच संध्याकाळी तिला मसुऱ्याला घेऊन गेले आणि जावयाला सांगून गेले की पुन्हा उंबरठ्यावर पाऊल ठेवू नकोस.

नवऱ्याचा जबाब मी स्वतः घेतला. तालुक्याच्या कचेरीत कारकून होता, सरळ वळणाचा माणूस. डाव्या हाताला प्लास्टर, डाव्या गालावर खरचटलेले. आधी तो कचेरीतल्या सवयीने शुद्ध मराठीत बोलत होता.

“वेग किती होता?”

“तीसच्या आत असेल. चढण आहे ती.”

“फोन?”

“फोन तिच्या पर्समध्ये होता, मॅडम. तुम्ही तपासा.” आम्ही तपासला होता. खरे होते.

“मग पडलात कसे?”

 त्याची भाषा बदलली. “माका काय झाला तां कळूकच नाय. वळणार ब्रेक मारलंय आणि गाडी खालसून निघान गेली. कोणीतरी ओढल्यासारखी.”

गाडी आपोआप गेली, हे प्रत्येक अपघातातला चालक सांगतो. पस्तीस वर्षांत दुसरे काही सांगणारा मला क्वचितच भेटला. त्यामुळे ते मी लिहून घेतले, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. जाताना दाराशी थांबून त्याने विचारले, “मॅडम, खरंच माझ्याच चुकीने झालं का? मुलगी विचारेल तेव्हा मला सांगावं लागेल.” तपास चालू आहे, एवढेच मी म्हणाले. ते उत्तर आम्ही सगळ्यांनाच देतो.

तिसऱ्या दिवशी पंचनामा लिहिणारे आमचे जुने हवालदार (मुद्देमालही तेच सांभाळत) केबिनच्या दारात नाक दाबून उभे राहिले. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू. त्या एका बंद खोलीत ठेवलेल्या असतात.

“मॅडम, तुमी जरा येऊन बगा. ती मुद्देमालाची खोली आसा काय मच्छी मार्केट, तांच कळणा नाय.”

“काय झालं?”

“त्या स्कूटरवाल्यांचे कपडे. बांगड्याची टोपली सांडल्यासारखो वास मारता. वर दोन मांजरां दारात येऊन बसली आसत.”

मी हसले आणि म्हणाले की माहेरी चालली होती, वाटेत मासे घेतले असतील, पडताना सांडले असतील. त्यात नवल काही नव्हते. आपल्याकडे कोणी रिकाम्या हाताने माहेरी जात नाही. पण कागद नीट लागले पाहिजेत ही माझी सवय. म्हणून जप्तीची यादी काढली. कापडी पिशवी एक, त्यात नारळ एक, मोसंबी, भाचीसाठी नवीन फ्रॉक. मासे नव्हते.

पंचांपैकी कोणी मासे उचलून नेले की काय, असे वाटले. अशाही गोष्टी होतात. म्हणून पोस्टमास्तरांना पुरवणी जबाबासाठी बोलावले आणि सहज विचारले, “मुलगी येताना मासे घेऊन येणार होती का?”

ते जवळजवळ रागावले. घरातली भाषा तोंडी आली. “सोमवारी? सोमवारी आमच्या घरात मासळी येणा नाय, मॅडम. माझ्या चेडवाक तां माहीत नाय काय? तिच्या सासरीय तसाच.”

ते गेल्यावर मी मुद्देमालाच्या खोलीत गेले, टेबलावर कागद पसरून कपडे एकेक मांडले. मासे न खाण्याच्या दिवशी, मासे न घेता निघालेल्या दोन माणसांच्या कपड्यांना मासळीचा वास. आणि तो सगळीकडे नव्हता. साडीची डावी बाजू चिकट होती, उजवी स्वच्छ. नवऱ्याच्या पँटचा डावा पाय आणि सदऱ्याची डावी बाही तशीच. ज्या बाजूने ते रस्त्यावर पडले, तीच बाजू. वास त्यांनी आणलेला नव्हता. तो रस्त्यावरून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आणि हवालदार त्या वळणावर जाऊन उभे राहिलो. एका बाजूला चिऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला काजूची झाडे, अर्ध्या मैलात घर नाही. बंदरावरून मासळीचे टेम्पो यायची ती वेळ. पहिला टेम्पो आला, चढणीला दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत गेला. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून बोटभर जाडीची धार सांडत होती. टेम्पोमागे वळणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत रस्त्याच्या डाव्या अंगाला ओली पट्टी उमटली. मी वाकून हात लावला. मासळीच्या टेम्पोतले पाणी नुसते पाणी नसते. बर्फ वितळतो, त्यात मासळीचा चिकट स्राव, खवले, रक्त मिसळते. बोटे एकमेकांवरून तेल लावल्यासारखी सरकली.

आम्ही तिथेच थांबलो. ऊन वर आले. नवाच्या सुमाराला पट्टी सुकली. दहा वाजता तिथे डांबरावर एक काळपट डाग होता, आणि डाग तर प्रत्येक रस्त्यावर असतात. पंचनामा दहा वाजता झाला होता.

हवालदारांनी त्या डागावर बूट घासून बघितला. मग म्हणाले, “मीच लिवलंय मॅडम, रस्तो कोरडो म्हणान.”

“आणि सही माझी आहे,” मी म्हणाले.

ठाण्यात आल्यावर अपघातांची नोंदवही काढली. त्या वळणावर यापूर्वी सहा दुचाक्या पडल्याच्या नोंदी होत्या. कोणाचा खांदा निखळला, कोणाचे गुडघे फुटले, एका कोळणीचा पाय मोडला. सगळ्या सकाळच्या. सगळ्यांवर तेच वाक्य, ताबा सुटल्याने. पण एक गोष्ट मला कळेना. सहाही नोंदी गेल्या सव्वा वर्षातल्या होत्या. त्याआधी त्या वळणावर एकही नाही. टेम्पो तर वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने जातात. बांधकाम खात्यात विचारले, रस्ता नव्याने केला का, उतार बदलला का. नाही म्हणाले. मग सव्वा वर्षापूर्वी तिथे काय बदलले? हा प्रश्न मी केस डायरीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कोणत्या गाडीने किती वाजता बर्फ भरला याची वही असते. त्या सोमवारी अपघाताआधीच्या अर्ध्या तासात एकच टेम्पो त्या रस्त्याने गेला होता. चालकाला बोलावणे धाडले. तो वेळेच्या आधी दहा मिनिटे आला. पन्नाशीचा, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. परवाना, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र, सगळे एका प्लास्टिकच्या पाकिटात क्रमाने लावलेले. असे चालक मला आवडत. त्याने बसायला सांगितल्याशिवाय खुर्ची घेतली नाही.

“किती वर्षं गाडी चालवता?”

“बावीस. आदी क्लीनर होतंय, मगे डायवर. आजून गाडयेक ओरखडो नाय.”

“गाडी कोणाकडून शिकलात?”

“आमच्या उस्तादाकडून. तेच्या बाजूक बसूचा आणि बगूचा. असाच शिकतत सगळे.”

“टेम्पोतलं पाणी कुठे सोडता?”

मला वाटले होते की तो नाकारील. दरडावण्याची माझी तयारी होती. पण तो मोकळेपणाने सांगू लागला, जणू कामाची पद्धत समजावून देत आहे. टेम्पोच्या हौद्याला आतून पत्रा असतो, मागच्या कोपऱ्यात भोक आणि त्याला लाकडी बूच. बंदरावरून निघताना बूच घट्ट. वाटेत थांबून काढायचे. चढणीवर काढले की पाणी मागे येते आणि एका दमात सगळे जाते, गाडी हलकी होते, पुढची घाटी चढायला सोपी.

“सोमवारी बूच कुठे काढलंत?”

“वळणार. चिऱ्याची भिंत आसा थंय.”

“तिथेच का?”

“थंय घरां नाय. कोणाक तरास नको म्हणान.”

“त्या वळणावर त्या दिवशी एक बाई मेली, माहीत आहे?”

“ऐकलंय. स्कूटर पडली म्हणतत.” तो थांबला. माझ्याकडे बघितले, मग हवालदारांकडे. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की दोन गोष्टी त्याच्या मनात त्याच क्षणी पहिल्यांदा जोडल्या गेल्या. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. 

“आमच्या पाण्यान?”

मी त्याला पाणी प्यायला दिले. मग विचारले, “आधीपासून तिथेच सोडत होता का?”

“नाय. आदी खंयय सोडी होतंव. गावात, बाजारात, नाक्यार. लोक गाळी घालीत.”

“मग वळणावर कधीपासून?”

त्याने कागदांचे पाकीट उचलून पुन्हा खाली ठेवले. पुन्हा विचारले. हवालदार म्हणाले, “सांग रे, घाबरा नको. काय ता खरा सांग.”

“मॅडम,” तो खाली बघत म्हणाला, “तुमी मीटिंग घेतलात तेव्हापासून.”

मला पहिल्यांदा कळलेच नाही. मग आठवले. सव्वा वर्षापूर्वी तीन गावांच्या लोकांनी सह्यांचा अर्ज दिला होता की मासळीचे टेम्पो वस्तीत घाण पाणी सोडतात, वास येतो, माशा होतात, शाळेच्या पोरांचे गणवेश खराब होतात. मी सगळ्या चालकांना बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये बोलावले होते. नेहमीच्या सवयीने मुद्दे कागदावर लिहून नेले होते. दहा मिनिटे ठणकावून बोलले. यापुढे वस्तीत पाणी सोडणाऱ्या गाडीवर कारवाई होईल. समजले का? समजले, असे सगळे म्हणाले. महिनाभरात तक्रारी बंद झाल्या आणि वरिष्ठांनी पत्र पाठवून माझे कौतुक केले. ते पत्र माझ्या फायलीत होते.

“वस्तीत सोडूचा नाय, ह्यां तुमीच सांगलात,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. “मगे खंय सोडूचा, तां काय कोणी सांगूक नाय. आमी आपापसात ठरयलंव. वस्ती सरली की पयला वळाण. थंय कोणाचा काय बिघडणा नाय, असा वाटला.”

टेबलावर केस डायरी उघडी होती. रेघ मारलेला प्रश्न माझ्या समोरच होता.  मग त्याचे सगळे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि त्याला वाचून दाखवले.

तो गेल्यावर हवालदार म्हणाले, “मॅडम, शेवटचा लिवक नको होता. जबाबात तेची गरज नाय.”

“गरज आहे.”

“वाचतले ते तुमका धरतले.”

“धरू देत,” मी म्हणाले. पण धैर्य वगैरे काही नव्हते. दुसऱ्याने खोटे लिहिले की मी निलंबित करत असे. स्वतःसाठी वेगळा नियम मला लिहिता आला नसता.

त्याच दिवशी उपविभागीय अधिकाऱ्यांना भेटले आणि तपास माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे द्यावा असा अर्ज दिला. साहेब माझ्याहून वयाने लहान होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“बाई, तुम्ही जे सांगितलंत ते बरोबरच होतं. वस्तीत पाणी सोडू नका. यात चूक काय?”

“अर्धंच सांगितलं, सर.”

“बाकीचं अर्धं त्यांना कळायला नको?”

“त्यांना कसं कळेल? मी तीस वर्षं जीप चालवते आहे. मासळीच्या पाण्यावर चाक कसं सुटतं हे मलाच या आठवड्यात कळलं.”

त्यांनी तपास कुडाळच्या एका अधिकाऱ्याकडे दिला. माझ्यावर खात्याची चौकशी झाली, समज देण्यात आली, ती सेवापुस्तकात आहे.

नव्या अधिकाऱ्याने परिवहन खात्याच्या निरीक्षकांना वळणावर नेले. त्यांनी ओल्या पट्टीवर गाडी तपासली आणि म्हणाले की वेग कमी होता हे नवऱ्याचे म्हणणे खरे असावे. तरीही त्याने वळणात पुढचा ब्रेक दाबला, म्हणून गाडी इतक्या झटकन गेली. ब्रेक न दाबता सरळ सोडली असती तर कदाचित सावरली असती, कदाचित नाही.

“हे त्याला परवाना देताना कोणी शिकवलं असतं?” मी विचारले.

“आम्ही मैदानात आठचा आकडा काढून घेतो,” ते म्हणाले. “मैदानात मासळीचं पाणी नसतं.”

ते प्रामाणिकपणे बोलले, म्हणून माझ्या लक्षात राहिले. नवऱ्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात गेला. टेम्पोचालकावर गुन्हा दाखल झाला.

वैशाखात, परवानगी घेऊन, मी मसुऱ्याला पोस्टमास्तरांच्या घरी गेले. अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी गणवेशात नव्हते, त्यामुळे क्षणभर ओळखले नाही. मग मी जे घडले ते क्रमाने सांगितले. वास, कपडे, वळण, बूच. शेवटी माझी मीटिंग. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातले नाही.

“म्हंजे तो खरा सांगत होतो,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि मी तेका उंबऱ्याच्या भायर काडलंय.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“टेम्पोवाल्याक कोर्ट विचारतला. जावयाक तुमी विचारलात, मीय विचारलंय. तुमका कोण विचारतलो, मॅडम?”

“साहेबांनी विचारलं. कोर्टातही विचारतील. पण तुम्हाला येऊन सांगायचं होतं.”

त्यांनी मान हलवली.  मग म्हणाले, “घरात इल्ल्या माणसाक चाय विचारूची आमची रीत आसा. पण आज माका जमाचा नाय.”

“नको,” मी म्हणाले आणि उठले.

मी पायरी उतरत असताना त्यांनी आत हाक मारली. त्यांची बायको दारात आली. “जावयाक फोन लाव,” ते म्हणाले. “तेका सांग, येऊन चेडवाक घेवन जा. आणि जेवकच ये म्हणान सांग.” आतून एक मुलगी धावत आली आणि आजीच्या हातातून फोन घेऊ लागली. त्यानंतर मी मागे वळून बघितले नाही. ते माझ्या बघण्यासाठी नव्हते.

जूनमध्ये होड्या बंद होण्याआधी मी पुन्हा त्याच लिलावाच्या शेडमध्ये चालकांना बोलावले. या वेळी कागद नेला नाही. परिवहन निरीक्षकांना विनंती करून आणले होते. शेडच्या बाहेर, मोकळ्या डांबरावर आम्ही टेम्पोतले बादलीभर पाणी ओतले आणि आमचे हवालदार स्कूटर घेऊन चालण्याच्या वेगाने त्यावरून गेले. निरीक्षकांनी सांगितल्याप्रमाणे मध्येच पुढचा ब्रेक दाबला. स्कूटर बाजूला गेली आणि हवालदार आडवे झाले. त्यांना लागले नाही, पण सगळी बाही भिजली. तोही योगायोगाने सोमवारच होता.

“हवालदारानू, तुमचो सोमवार मोडलो,” मागून कोणीतरी म्हणाले.

सगळे हसले. मग समोर उभ्या असलेल्या त्या टेम्पोचालकाकडे लक्ष गेले आणि हसू थांबले. तो जामिनावर होता. तो पुढे आला, वाकला, ओल्या डांबरावर हात फिरवला आणि हात तसाच धरून बाकीच्यांना म्हणाला, “हात लावन बगा. सगळ्यांनी बगा.” एकेक जण पुढे आला. बावीस, तीस वर्षे टेम्पो चालवलेली माणसे. दर दिवशी त्यांच्याच गाडीतून ते पाणी सांडत होते आणि ते कधी त्यांच्या चाकाखाली आले नव्हते, कारण ते नेहमी मागे पडत होते.

“मग कुठे सोडायचं?” मी विचारले. ही वेळ सांगायची नव्हती, विचारायची होती.

बराच गोंधळ झाला. कोणी म्हणाले समुद्रात, कोणी म्हणाले बंदरावरच निथळून निघायचे, पण बर्फ तर वाटेत वितळतो. शेवटी एक म्हातारा चालक म्हणाला, “सड्यार कातळात रस्त्यापासून लांब खड्डो मारून दिया. गाडी बाजूक घेऊन थंय सोडतलंव.” सडा म्हणजे वरचा उघडा कातळाचा माळ. ग्रामपंचायतीने खड्डा मारून दिला. त्या वर्षी वळणावर एकही दुचाकी पडली नाही.

खटला चार वर्षे चालला. तोपर्यंत मी निवृत्त झाले होते. साक्षीला गेले तेव्हा चालकाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. “‘वस्तीत पाणी सोडू नका’ असं आपण सांगितलंत. ‘वळणावर सोडू नका’ असं सांगितलंत का?”

“नाही,” मी म्हणाले.

कोर्टाने चालकाला दोषी धरले. शिक्षा झाली, परवाना गेला. आता तो बर्फाच्या कारखान्यात काम करतो. दिसला तर नमस्कार करतो, मीही करते. मृत बाईचा नवरा परत स्कूटरवर बसला नाही. एसटीने कचेरीत जातो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला अखेर दिले. तुझी चूक नव्हती, पण तुला जे शिकवायला हवे होते ते कोणी शिकवले नव्हते. मुलीला त्याने ते तसेच सांगितले, असे तो म्हणाला.

मी बदलून गेल्यावर बंदरावर नवे चालक आले, काही बाहेरच्या जिल्ह्यांतले. खड्डा गाळाने भरला. मध्यंतरी त्या रस्त्याने जाताना वळणावर पुन्हा ओली पट्टी दिसली. शिकवण एकदा देऊन संपत नाही, हे तेव्हा समजले. सरपंचांना आणि ठाण्याला लिहिले. खड्डा उपसला गेला. मग मी स्वतःहून दर तीन महिन्यांनी बंदरावर जाऊ लागले. आता मोटार शिकवणाऱ्या दोन शाळाही मला बोलावतात.

या प्रकरणाने मला गुन्हेगारांबद्दल काही शिकवले नाही, कारण यात कोणी गुन्हेगार नव्हता. सगळ्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे चांगलेच केले होते. टेम्पोवाल्याने वस्तीचा विचार केला, नवऱ्याने ब्रेक मारला, मी शिस्त लावली. त्या तिन्ही चांगुलपणांच्या मध्ये एक बत्तीस वर्षांची बाई मेली. रस्त्यावरच्या माणसाला काय करायचे नाही हे सांगणे सोपे असते. भीती घालता येते, दंड लावता येतो, कागदावर तक्रारी शून्य दिसतात. पण ज्याला फक्त ‘नाही’ सांगितले, तो उरलेली वाट स्वतः शोधतो, आणि त्याने शोधलेली वाट आपल्याला कळत नाही.

म्हणून आजही बंदरावर किंवा वर्गात ‘करू नका’ हे शब्द तोंडातून निघाले की मी थांबते. मग ते का करायचे नाही आणि त्याऐवजी कुठे, कसे करायचे, हे सांगते, हात लावून दाखवते. समोरच्याने ते आपल्या शब्दांत मला परत सांगितल्याशिवाय खाली बसत नाही.